घरची फळी

सॅडलर्स क्रीकच्या सॉ मिलमध्ये वजनकाट्यावर गाडी पार्क करणारा माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. ओंडक्यांनी भरलेले ट्रक यायचे, काट्यावर टेकायचे, वजन द्यायचे आणि पुढे जायचे. पण मे महिन्यातल्या, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावरच्या, त्या ओल्या, गारठलेल्या सकाळी एक इटुकली पांढरी गाडी काट्याच्या बरोबर मधोमध उभी होती. इंजिन बंद, काचा वर. मागे ट्रकांची रांग लागलेली, हॉर्नवर हॉर्न वाजतायत, आणि आतले साहेब आपले स्टिअरिंगवर हात ठेवून खाली मान घालून बसलेले.

टेगन पास्को पावसात भिजत गेली आणि तिने काचेवर टकटक केलं.

"साहेब, हा वजनकाटा आहे. पार्किंग नव्हे."

काच खाली आली. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीखालच्या लोखंडी पत्र्याकडे.

"अरे... मला वाटलं, इतकी सपाट, स्वच्छ जागा..."

"आता आलाच आहात तर वजन करूनच जा." ती खरंच केबिनमध्ये जाऊन आकडा बघून आली. "गाडीसकट तुम्ही आमच्या एका बऱ्या ओंडक्याइतकेही भरत नाही."

तो हसला. हसताना त्याचे कान थोडे मागे सरकायचे, हे तिने उगीचच टिपलं. तिच्या जाकिटावर तिचं काम लिहिलेलं होतं, ते वाचून तो म्हणाला, "वजन झालं. आणि प्रत?"

टेगन मिलमध्ये फळ्यांची प्रत ठरवायची. करवतीतून निघालेली प्रत्येक फळी तिच्यासमोरून सरकायची, आणि गाठी, चिरा, डिंकाच्या रेघा एका नजरेत बघून ती खडूने खूण करायची: पहिली, दुसरी, तिसरी, नाहीतर सरळ भुग्यात. दिवसभर हेच केल्यावर माणसांकडेही तसंच बघायची खोड लागते. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. हनुवटीवर जुना व्रण, पापण्यांवर पाऊस, आणि मोठे, थंडीने लाल झालेले कान.

"तिसरी," ती म्हणाली. "कानांशी गाठी आहेत."

तो पुन्हा हसला, पण स्टिअरिंगवरचे हात त्याने काही सोडले नाहीत. थंडीनेच असेल असं समजून तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याला दिला. तो दोन्ही हातांनी झाकण धरून प्यायला, तिच्याकडे न बघता. नाव रूबेन झॅमिट, मेलबर्नहून आलोय, एवढं त्याने सांगितलं.

"कामाला आलायस की वाट चुकलायस?" टेगनने विचारलं. एव्हाना ती 'अहो'वरून 'अरे'वर आली होती. आमच्या गावात त्याला एक चहा पुरतो.

"कामाला. म्हणजे... कळेलच दुपारी." त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग एकदम तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "चहा फार छान होता."

मागच्या ट्रकने जोरात हॉर्न दिला. गाडी निघून गेली. टेगन बराच वेळ झाकण हातात धरून उभी होती, आणि आपण का उभ्या आहोत हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला बसले असताना कुणीतरी रेडिओ मोठा केला. सरकारने जाहीर केलं होतं: राज्यातल्या नैसर्गिक जंगलांमधली लाकूडतोड या वर्षाअखेर बंद. मिल चालायची ती याच जंगलांच्या लाकडावर.

आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. अजून सहा वर्षं आहेत असं सांगितलेलं होतं. त्या सहा वर्षांच्या भरवशावर कुणी घर बांधायला काढलं होतं, कुणी लग्न ठरवलं होतं. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. कुणाच्या हातातला पाव हातातच राहिला. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. टेगनचे वडील क्लेम मिलमधले सगळ्यात जुने करवतवाले. ते उठले, कप धुतला, पालथा घातला, आणि सुट्टी संपायच्या आधीच जाऊन त्यांनी करवत सुरू केली. क्लेम पास्को सुट्टी सोडून कामाला लागले, असं आजवर घडलेलं नव्हतं. टेगनला बातमी खरी वाटली ती रेडिओमुळे नाही, त्या करवतीच्या आवाजाने.

खरं तर तिला कळायला हवं होतं. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वणव्यानंतर येणारे ओंडके दरवर्षी बारीक होत चालले होते, आणि ते तिच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नव्हतं. पण एक दिवस येणार हे माहीत असणं वेगळं, आणि घास तोंडाशी असताना येणं वेगळं. तिने डबा तसाच मिटून ठेवला.

संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. दारात सँडविचची ताटं मांडलेली, हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा, आणि गळ्यात 'कामगार मदत केंद्र' असा बिल्ला घातलेला रूबेन झॅमिट.

टेगन थबकली. मागच्या लोकांना तिला वळसा घालून आत जावं लागलं.

"सकाळी तुला माहीत होतं."

त्याने गठ्ठा छातीशी धरला. "हो."

"काट्यावर."

"हो."

"माझा चहा पिताना."

त्याने गळ्यातला बिल्ला उलटा केला.

"निदान चहा तरी नको म्हणायचं होतंस," ती म्हणाली आणि पावसातच घरी गेली.

त्या थंडीत रूबेनने बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत टेबल मांडलं. ट्रकवाले आले, जंगलात झाडं पाडणारे आले, मिलमधली पोरं आली. कुणाला नवा परवाना हवा होता, कुणाला नुसतं बोलायचं होतं. सुरुवातीला लोक त्याला 'सँडविच' म्हणायचे. त्याची आई पोस्टाने चीज भरलेल्या, माल्टाच्या पद्धतीच्या करंज्या पाठवायची, त्या तो टेबलावर ठेवायचा. हळूहळू लोक 'सँडविच'ऐवजी 'रूबेन' म्हणायला लागले. गावातला एक जण तेवढा त्याच्या दारात गेला नाही. ती टेगन. रस्त्यात समोर आला की ती दुकानांच्या काचांत बघायची. काचेत तोच दिसायचा, हा भाग वेगळा.

मिलची एक जुनी रीत आहे. वर्षातून एकदा प्रत्येकाने आपल्या आवडीची एक फळी बाजूला काढायची आणि तिच्यावर लाल मेणखडूने गोल करायचा. ती 'घरची फळी'. एकदा गोल झाला की ती विकायची नाही, कापायची नाही, दुसऱ्या कुणी तिला हातही लावायचा नाही. बेकरीवाल्या नोरीनचा ओटा अशाच फळ्यांचा आहे. टेगनचा पाळणा तसलाच होता. तिची आई गेली तेव्हा क्लेमने वर्षानुवर्षं जपलेल्या घरच्या फळ्या काढल्या आणि तिची शवपेटीसुद्धा त्यांचीच केली. म्हणून टेगन ती खूण कधी घाईने करत नाही.

यंदा मात्र सगळ्यांनी घाई केली. जूनपर्यंत जो तो आपली फळी बाजूला ठेवून मोकळा झाला. टेगनच्या खिशातला लाल खडू तसाच. बापाने विचारलं, नोरीनने विचारलं. ती म्हणायची, बघू. एक फळी निवडली की ती शेवटची ठरणार होती, आणि ते मान्य करायला तिचा हात धजत नव्हता.

ऑक्टोबरात वॅटलच्या झाडांची पिवळी फुलं झडून गेली आणि नोरीनने बेकरीबाहेर फळा लावला. एक जानेवारीला नदीकाठच्या मैदानावर आमची लाकूडतोडीची शर्यत असते. तिच्यात सगळ्यांची आवडती म्हणजे जोड्यांची करवत. एक पुरुष, एक बाई, मधे दोन मुठींची लांब करवत आणि आडवा ओंडका. फळ्यावर डावीकडे बायकांची नावं, उजवीकडे पुरुषांची. आई गेल्यापासून टेगन बापाबरोबर उतरायची, पण यंदा क्लेमचा खांदा निकामी झाला होता. नोरीनने तिचं नाव लिहिलं आणि पुढे जागा रिकामी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घ्यायला आलेल्या लोकांनी फळा पाहिला आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले. टेगनच्या नावासमोर सुंदर, वळणदार अक्षरात 'रूबेन झॅमिट' लिहिलेलं. खाली फोन नंबरही होता.

नोरीन हे बघायला बाहेर आली ती आत जायचंच विसरली. भट्टीतले पाव करपले. तासाभरात गावभर झालं. क्लेम थेट बँकेच्या इमारतीत गेले आणि रूबेनला म्हणाले, हात दाखव. त्याने बुचकळ्यात पडून दोन्ही तळवे पुढे केले. क्लेमने ते उलटसुलट बघितले, "मऊ आहेत," म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागोमाग टेगन आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"फोन नंबर कशाला लिहिलास?"

"तुला... वेळ घ्यायची झाली तर."

"कसली वेळ?"

"भेटीची." त्याचे कान तांबूस व्हायला लागले होते. "आमच्याकडे नियम आहे, प्रत्येकाला मदतीला एक माणूस नेमून द्यायचा. फळ्यावर बघितलं, सगळ्यांसमोर कुणी ना कुणी होतं. तुझ्यासमोरच कुणी नव्हतं. तू इथे येत नाहीस, म्हणून म्हटलं, आपणच..."

टेगन त्याच्याकडे बघत राहिली. हसू आतून ढुशा मारत होतं, पण तिने ते दाबलं.

"रूबेन, ती करवतीच्या जोड्यांची यादी आहे. आणि लग्न न झालेल्या मुलीसमोर नाव लिहिणारा आमच्यात आधी तिच्या बापाला विचारतो."

"का?"

"कारण नोरीनच्या नवऱ्याने पहिल्यांदा तिच्यासमोर नाव लिहिलं ते याच फळ्यावर."

रूबेनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो खुर्चीवर बसला. "तरीच ते हात..." मग ताडकन उठला. "मी आत्ता जाऊन पुसतो."

"पुसून तर बघ. नाव लिहून पुसलं, अशी पोर म्हणून मला म्हातारी होईस्तोवर चिडवतील."

"मग काय करायचं?"

"करवत धरता येते?"

"मला पावसुद्धा सरळ कापता येत नाही."

"ते दिसतंच आहे." ती दाराशी गेली, थांबली. "रविवारी मिलच्या मागच्या शेडमध्ये ये. आणि माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव."

तो रविवारी आला. मग बुधवारी आला. मग रोजच यायला लागला. पत्र्याच्या शेडवर वसंतातला पाऊस ताडताड वाजायचा, आणि मधे ओंडका ठेवून दोघं समोरासमोर उभी राहायची. करवत पहिल्या दिवशी दहा वेळा अडकली.

"ढकलतोयस तू," टेगन वैतागली. "तू फक्त ओढायचं. तुझं ओढून झालं की हात सैल सोड. मी ओढत असताना तू ढकललंस की पातं वाकतं आणि अडकतं."

"म्हणजे अर्धा वेळ मी काहीच करायचं नाही?"

"अर्धा वेळ समोरच्या माणसावर भरवसा ठेवायचा. तुम्हा पत्रकंवाल्यांना नेमकं तेच जमत नाही."

ते त्याला लागलं असावं. त्यानंतर बँकेतल्या टेबलावरची पत्रकं ड्रॉवरमध्ये गेली. लोक सांगायला लागले की हल्ली रूबेन काही समजावत बसत नाही, ऐकून घेतो. त्यातूनच क्लेम आणि मिलमधल्या चौघा-पाच जणांनी आपल्या मनातली गोष्ट त्याच्याजवळ काढली. बोटींचे जुने धक्के, पाडलेले पूल, मेंढ्यांची लोकर कातरायच्या मोडक्या शेडा... यांच्या तुळया आणायच्या, खिळे काढायचे, इथेच पुन्हा कापायच्या. शंभर वर्षांपूर्वीचं तेच लाकूड. मिलचा मालक शेड द्यायला तयार होता, सरकारी मंजुरी मात्र राजधानीत कुठेतरी अडकली होती. मिळेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

एका संध्याकाळी करवत अशी चालली की दोघांनाही ती आपण चालवतोय असं वाटेना. तो ओढायचा, ती सैल. ती ओढायची, तो सैल. ओंडक्याची चकती धप्पकन खाली पडली, आणि दोघं धापा टाकत तशीच एकमेकांकडे बघत उभी राहिली. तिच्या पापण्यांवर भुसा होता. तो काढायला त्याने हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "वाटेत पेट्रोल पंपावर मला फोन आला होता. तोड बंद होतेय, दुपारपर्यंत बोलायचं नाही, म्हणाले. मी काट्यावर गाडी लावली ती जागा सपाट होती म्हणून नाही गं... मला पुढे जाववेना. आणि तू चहा घेऊन आलीस."

"सांगायचं होतंस."

"हो. सांगायचं होतं. नोकरी गेली असती तरी."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. टेगनने स्वतःच त्याचा अर्धवट राहिलेला हात धरून आपल्या डोळ्यापाशी नेला. त्याच्या तळव्यांना आता घट्टे पडले होते.

"यापुढे काही कळलं ना," ती म्हणाली, "चांगलं असो, वाईट असो... आधी मला सांगायचं."

"आधी तुला," तो म्हणाला. त्याने भुसा काढला, आणि हात काही लगेच मागे घेतला नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मिलमध्ये शेवटचा ओंडका कापला गेला. क्लेमने करवत बंद केली. तिचा आवाज थांबला आणि गावातली कुत्री भुंकायला लागली, कारण त्या वेळेला एवढी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. टेगनने शेवटच्या फळीवर खूण केली, दुसरी प्रत. लाल खडू तिने याही वेळी काढला नाही.

एक जानेवारीला ऊन नुसतं भाजत होतं. मैदानावर तंबू, सॉसेज, टोप्या, पोरांची पळापळ. शर्यतीसाठी तोड बंद व्हायच्या आधीच काही ओंडके राखून ठेवले होते. टेगन करवतीच्या दातांना तेल लावत होती. तेवढ्यात रूबेन आला, आणि त्याचा चेहरा बघूनच तिने फडकं खाली ठेवलं.

"काल रात्री फोन आला," तो म्हणाला. "आधी तुला सांगायचं ठरलं होतं, म्हणून... टास्मानियातली मिल. त्यांना प्रत ठरवणारं माणूस हवंय. तुझं नाव मी जुलैत सगळीकडे पाठवलं होतं, तू माझ्याशी बोलतही नव्हतीस तेव्हा. पगार इथल्यापेक्षा चांगला आहे. घर देतायत. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

टेगनला आपलं ऐकणंच खोटं वाटलं. समुद्रापलीकडे. सगळी दुनिया उलटीपालटी झाली त्या वर्षात हा एक माणूस तिच्या हाताला लागला होता, आणि तोच तिला बोटीत बसवायला निघाला होता.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"चांगलं काम आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुझ्या कामाचं चीज होईल. तुळयांच्या मंजुरीचं काहीच खरं नाही. तू ठरव."

"बस? एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण ऊनही कडक होतं. माइकवरून त्यांच्या जोडीचं नाव पुकारलं गेलं.

आकडे मोजले गेले आणि करवती सुरू झाल्या. सुरुवात अशी झाली की लोक टाळ्या वाजवायचंच विसरले. पातं वाऱ्यासारखं जात-येत होतं. शेजारच्या जोड्या मागे पडत गेल्या. अर्धा ओंडका कापला गेला. क्लेम कडेला वाकून उभे होते, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं.

टेगनला मात्र समोर फक्त तो दिसत होता. ओढतोय, सोडतोय, ओढतोय, सोडतोय. किती छान सोडतो हा, तिच्या मनात आलं. किती सहज. आणि तो ओढत असताना तिने मूठ दाबून सगळ्या ताकदीने ढकलली.

पातं कमानीसारखं वाकलं, कुरकुरलं आणि ओंडक्यात रुतून बसलं.

टेगन पास्कोने ढकललं. पाळण्यात असल्यापासून ही शर्यत बघणारी, अख्ख्या गावाला 'ढकलू नका' म्हणून ओरडणारी टेगन. क्लेमने कपाळाला हात लावला. नोरीनच्या हातातलं सॉसेज खाली पडलं. बाकीच्या जोड्यांचे ओंडके पडले, कुणीतरी जिंकलं, पण तिकडे कुणी बघितलंच नाही.

"तू ढकललंस," रूबेन म्हणाला. त्याचा विश्वासच बसत नव्हता.

"हो."

"टेगन, तू?"

"हो, मी. मघापासून ढकलतेच आहे मनातल्या मनात." तिचा आवाज फुटत होता आणि आता तिला त्याची लाज वाटत नव्हती. "घर देतायत म्हणालास. पगार चांगला म्हणालास. एकदा तरी 'राहा' म्हणालास?"

तो थक्क होऊन बघत राहिला. "मी... तूच शिकवलंस ना, ढकलायचं नाही. तुझं काम आहे, तुझं आयुष्य आहे. मी मधे जोर लावला असता तर..."

"ढकलायचं नाही आणि ओढायचं. अर्धंच शिकलास का?"

माइकवाल्याने माइक हळूच खाली केला. नदीचं पाणी ऐकू येत होतं. रूबेनने करवतीची मूठ सोडली, आपले दोन्ही हात विजारीला पुसले, आणि मग म्हणाला, फार मोठ्याने नाही, पण पहिल्या रांगेला नक्की ऐकू जाईल असं.

"राहा."

टेगनने आपली मूठ सोडली नाही.

"मंजुरी येईल की नाही मला माहीत नाही. नाही आली तर मी पुन्हा अर्ज करीन, आणि पुन्हा. मला काल रात्रभर झोप नाही. तू बोटीत बसलीयेस असंच सारखं डोळ्यांसमोर येत होतं. जायचंच असेल तर जा, मी सामान उचलून देईन... पण राहा. माझं प्रेम आहे तुझ्यावर. काट्यावरच्या चहापासून."

टेगनने बाहीने डोळे पुसले. मग हातमोजा काढून खिशात हात घातला.

"टास्मानियाला कळव, नाही येत म्हणून," ती म्हणाली. "आणि फुगू नकोस, एकट्या तुझ्यासाठी नाही राहत. त्या तुळया पारखणार कोण? बाबांना तर चष्मा लावूनही गाठ दिसत नाही."

लोकांत कुणीतरी हसलं. टेगनने खिशातून लाल मेणखडू बाहेर काढला. वर्षभर न वापरलेला, उन्हाने मऊ पडलेला. तिने रूबेनचा हात ओंडक्यावरून आपल्याकडे ओढला, मनगट उलटं केलं आणि सावकाश, नीट, त्यावर एक गोल काढला.

त्याला काय झालं ते कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. अख्ख्या मैदानाचा श्वास अडकला. नोरीनने तोंडावर हात धरला. मग ती रडतच पुढे धावली, रूबेनला मिठी मारायला. पण क्लेमने आपला चांगला हात आडवा घालून तिला थांबवलं.

"खूण झालीय, नोरीन," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता त्याला कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे काय?" रूबेनने मनगटाकडे बघत विचारलं. "ही कितवी प्रत?"

"तिसरीच," टेगन म्हणाली. "पण घरची. चल, मूठ धर. ओंडका अर्धा सोडायचा नसतो."

दोघांनी मिळून अडकलेलं पातं हलकेच मोकळं केलं. मग त्याने ओढलं, तिने सैल सोडलं.